नंबर जुळलेली रायफल

आमच्या गल्लीत दोन घरं सोडून एक आजोबा राहतात. लीड्समधली ही लाल विटांची, एकाला एक चिकटलेली घरं, त्यामुळे कोण काय करतं ते सगळ्यांना माहीत असतं, आणि मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते हे त्यांनाही माहीत. तर एका रविवारी सकाळी मी पोह्यांना फोडणी घालत होते आणि हे दारात. हातात खाकी रंगाचा पत्र्याचा एक डबा, तान्हं मूल धरावं तसा छातीशी धरलेला. "तू लेन्सचं काम करतेस ना, जरा बघून सांग." गॅस बंद केला, ओट्यावर पेपर पसरला, डबा उघडला. आत रायफलीवर बसवायची दुर्बीण, म्हणजे एक काळी नळी, फूटभराला जरा कमी, मधोमध दोन गोल फिरकी-डब्या, एक वर आणि एक डाव्या बाजूला, आणि खाली ओतीव लोखंडाचा वजनदार ब्रॅकेट. डोळ्याला लावली तर समोरचं सगळं ताक सांडल्यासारखं. मला लगेच कळलं. त्या काळात दोन भिंगं एकमेकांना चिकटवायला कॅनडा बाल्सम म्हणून एक डिंक वापरायचे, फर जातीच्या झाडाचा, तो ऐंशी वर्षांत पिवळा पडतो, सुटतो, वर आतल्या ग्रीसची वाफ काचेवर बसते. मी म्हटलं काही विशेष नाही, जुन्या उपकरणांचं काम करणारा चांगला माणूस गाठा, तो उघडेल, साफ करेल, परत चिकटवेल, नव्यासारखी दिसेल.

आजोबांनी ती नळी माझ्या हातातून जवळजवळ काढूनच घेतली. "उघडायची नाही," म्हणाले.

मग म्हणाले, ह्याचे नंबर जुळतात. मला काहीच कळेना. बघायचं यंत्र, त्यातून दिसत नाही, दुरुस्त होतंय, आणि हा माणूस म्हणतोय नको. आमच्याकडे मोतीबिंदूला घाबरणारे पेशंट येतात, पण त्यांना निदान दिसायला हवं असतं. पोहे झाले, त्यांनी थोडे खाल्लेही (तिखट लागले), आणि डबा घेऊन गेले. मला मात्र ते "उघडायची नाही" काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून पुढच्या आठवड्यात मीच त्यांच्याकडे गेले, रायफल बघायला.

रायफल म्हणजे ली-एनफिल्ड नंबर फोर मार्क वन, पुढे कंसात टी. टी म्हणजे टेलिस्कोप. दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिश स्नायपर रायफल, आणि ह्या विषयातले लोक हिचं नाव घेताना आवाज खाली आणतात. आजोबांची डीअ‍ॅक्टिव्हेट केलेली आहे, म्हणजे गोळी जिथून सुटते त्या नळीत पोलादी दांडा घालून वेल्ड केलेला, बोल्टचं, म्हणजे गोळी आत ढकलणाऱ्या खिट्टीचं, तोंड तिरकं कापलेलं, आणि बंदुका तपासणाऱ्या प्रूफ हाऊसचं सर्टिफिकेट फ्रेम करून बाजूला. १९९५ च्या आधीच्या नियमात केलेली, त्यामुळे बोल्ट अजून मागेपुढे होतो. त्याचा त्यांना कोण अभिमान. नंतरच्या नियमांत सगळं वेल्ड करून टाकतात, त्याला ते लोखंडाचा ठोकळा म्हणतात. त्यांनी बोल्ट ओढून दाखवला आणि तो आवाज ऐकून मी एकदम दौंडला पोचले, पण ते पुढे सांगते.

आपल्याला थ्री नॉट थ्री नवीन नाही. निवडणुकीत शाळेच्या व्हरांड्यात बसलेले पोलीस, गणपतीतला बंदोबस्त, सगळीकडे तीच असायची. २६/११ च्या रात्री सीएसटीवर काही पोलिसांच्या हातात होती ती तीच, आणि त्यावरून मग देशभर चर्चा झाली की अजून किती दिवस ही. उत्तर प्रदेश पोलिसांनी तर २०२० च्या प्रजासत्ताक दिनाला तिला रीतसर निरोप दिला. तेव्हा मला वाटायचं थ्री नॉट थ्री म्हणजे म्हातारी, वाकडी, खांद्याला ओझं असलेली वस्तू. ही तिचीच बहीण, कुळ एकच. जेम्स पॅरिस ली नावाच्या माणसाचा बोल्ट, हा जन्मला स्कॉटलंडमध्ये, वाढला कॅनडात, धंदा केला अमेरिकेत. दहा गोळ्यांचं मॅगझिन, आणि बोल्टचे खटके पुढे नसून मागे, त्यामुळे बोल्टचा प्रवास छोटा आणि हात भराभर चालतो. पण आजोबांच्या घरातली ही बहीण इंग्लंडातल्या श्रीमंत घरी लग्न करून गेलेली वाटते.

कारण तसंच आहे ते. कारखान्यात हजारो साध्या रायफली बनायच्या, बहुतेक करून बर्मिंगहॅमजवळ शर्लीला बीएसएच्या कारखान्यात (हो, तीच सायकल-मोटारसायकलवाली बीएसए, तिच्या मूळ चिन्हातच एकमेकींना टेकवून उभ्या केलेल्या तीन रायफली आहेत). त्यांची गोळी झाडून चाचणी व्हायची, आणि त्यातल्या ज्या जात्याच सरळ मारणाऱ्या निघायच्या त्या बाजूला काढायच्या. त्या का सरळ मारतात हे कुणालाच नीट सांगता यायचं नाही, तीच मशीन, तोच कामगार, तेच लाकूड, पण शंभरातल्या एखादीला ते अंग असतं. ह्या निवडक रायफली मग लंडनला जायच्या, हॉलंड अँड हॉलंडकडे. १८३५ सालची कंपनी, आपल्या राजेमहाराजांना वाघ-हत्तींच्या शिकारीच्या बंदुका बनवून देणारी, चांदीवर नक्षी कोरणारी. १९४२ पासून ह्याच कंपनीत प्रत्येक रायफलीच्या डाव्या अंगाला, दुर्बिणीचा ब्रॅकेट अडकवायला, दोन पोलादी पॅड बसवायचे, कानशीने घासून, परत लावून, परत घासून. पुढचं पॅड स्क्रूंनी आणि शिवाय सोल्डरने पक्कं करायचं. हा एक दुखरा भाग होता म्हणे, धक्क्यांनी पॅड सैल व्हायची. दस्त्यावर लाकडाचा एक उंचवटा दोन पितळी स्क्रूंनी जोडायचा, त्यावर गाल टेकायला, कारण दुर्बीण नळीच्या बरीच वर बसते आणि गाल नुसता दस्त्यावर ठेवला तर डोळा तिथपर्यंत पोचतच नाही. नेम धरायच्या मागच्या साइटचं एक छिद्र दुर्बिणीला अडायचं, तर ते घासून टाकायचं. अशा वीस हजारांच्या वर रायफली त्यांनी केल्या. कॅनडातल्या लाँग ब्रांच कारखान्याने आपल्या वेगळ्या केल्या, पण त्या अगदी थोड्या.

आणि मग नंबर. आजोबांनी भिंग घेऊन दाखवले. दस्ता जिथे बारीक होतो, आपण अंगठा टेकतो, तिथे लाकडात दुर्बिणीचा नंबर ठोकलेला. दुर्बिणीच्या ब्रॅकेटवर रायफलीचा नंबर. डब्यावर. रायफल ठेवायच्या लाकडी पेटीवर. दस्त्याच्या खालच्या अंगाला एस ५१, ही हॉलंड कंपनीची खूण. रायफलीच्या डाव्या बाजूला टी. बीएसएचं नाव कुठेच नाही, त्याजागी एम ४७ सी असा कोड, शत्रूला कारखाना कुठला ते कळू नये म्हणून. ह्याशिवाय बारीक बारीक तपासनिसांचे शिक्के, बाणाची खूण, मुकुटाची खूण, इतके की भिंगाखाली ते लोखंड मला जुन्या पासपोर्टाच्या पानासारखं दिसायला लागलं. एका रायफलीची दुर्बीण दुसरीला लावली तर नेम चुकतो, म्हणून ही जोडी आयुष्यभराची, फोडायची नाही असा नियम. मोडली-हरवली तर जुना नंबर खोडून नवा ठोकायचा.

पण युद्ध संपल्यावर सैन्याने हिशेब केला तो भंगाराचा. रायफली एकीकडे विकल्या, दुर्बिणी दुसरीकडे, त्या सरप्लसच्या दुकानात किरकोळ भावात मिळायच्या, कुणी हरणांच्या शिकारीला घेतल्या, कुणी पोरांना खेळायला. सत्तरच्या सुमाराला हजारभर रायफली परत कारखान्यात नेऊन नवी, जाड नळी आणि ७.६२ चं काडतूस देऊन त्यांची एल ४२ केली, ती १९८२ मध्ये फॉकलंडच्या लढाईतही होती. म्हणजे पहिल्या जन्मातलं सामान तसंच्या तसं एकत्र राहिलं असं फार थोड्यांच्या बाबतीत झालं. आज नंबर जुळणारी जोडी, डबा, पेटी, चामडी पट्टा, स्नायपरच्या सोबत असणाऱ्या माणसाची वीस पट मोठं दाखवणारी पितळी दुर्बीण, असा संच असेल तर लोक काही हजार पौंड सहज मोजतात. आणि म्हणून नकली पण आल्या. साधी नंबर फोर घ्यायची, नवी पॅड ठोकायची, नवी दुर्बीण, नवे शिक्के. आजोबा म्हणतात प्रदर्शनात रायफल कुणी खांद्याला लावून बघत नाही, सगळे खिशातून भिंग काढून दस्त्यावर वाकतात.

हे पटलं मला. दुर्बीण उघडली की तिचे पेच फिरतात, रंग उडतो, पुढचा माणूस विचारतो हे कुणी उघडलं, आतलं सगळं मूळचं आहे का. त्यांचं म्हणणं व्यवहाराच्या दृष्टीने बरोबर आहे. तरी माझ्यातली चष्मेवाली गप्प बसेना.

कारण मला सगळ्यात जास्त आवडली ती दुर्बीणच. आणि ही मूळची रायफलीसाठी नव्हतीच. ब्रेन नावाच्या मशीनगनसाठी केलेली, मग कुणाला तरी वाटलं की मशीनगनला दुर्बीण काय करायची, आणि ती ह्या रायफलीवर आली. म्हणून एवढी जाड, एवढी जड, मशीनगनचे धक्के सोसायला बांधलेली. रायफल आणि दुर्बीण मिळून पाच किलोच्या वर जातं. मोठं किती दिसतं, तर तीन-साडेतीन पट, बस. आजच्या पोरांच्या मोबाईलचा कॅमेरा ह्याहून जास्त झूम करतो. फोकस ठरलेला, फिरवायची सोय नाही. आत एक आडवी तार आणि खालून वर येणारी टोकदार खुंटी, त्या टोकावर जे येईल तिथे गोळी. वरची डबी फिरवली की अंतर, हजार यार्डांपर्यंत, डावीकडची फिरवली की वारा. पण डबी फिरवली की ती खुंटी आणि तार काचेत खरोखरच सरकतात, मधोमध राहत नाहीत, हे आजच्या दुर्बिणींत होत नाही. दुर्बिणीच्या मार्क वन आणि मार्क टू ह्या पहिल्या दोन आवृत्त्यांना शून्य जुळवणं, म्हणजे खुंटीचं टोक आणि गोळी एकाच जागी आणणं, एकट्याला जिकिरीचं काम, मार्क थ्री मध्ये ते सोपं केलं. शिवाय दुर्बीण बरोबर बोल्टच्या वर बसल्यामुळे पाच गोळ्यांची चार्जर क्लिप वरून घालता यायची नाही, गोळ्या एकेक करून भरायच्या. म्हणजे ज्या रायफलीचं सगळं कौतुक तिच्या वेगाचं, तिचा वेग आपणच काढून घेतला. ह्यात मला एक गंमत वाटते, पण कदाचित ह्या कामाला घाई नसतेच.

आणि ही दुर्बीण कुठे बनली बघा. अनेक कंपन्यांनी बनवल्या, पण त्यातली एक केर्शॉ, इथलीच, लीड्सची, हेअरहिल्स भागातली. मी महिन्यातून एकदा भाजी आणायला जाते तो भाग, कढीपत्ता ताजा मिळतो. ही कंपनी एरवी सिनेमाची प्रोजेक्टर बनवायची, काली नावाची, तिच्या स्वतःच्या नावाची आद्याक्षरं आणि लीड्स मिळून केलेलं नाव. म्हणजे ज्या हातांनी अंधाऱ्या थिएटरात पडद्यावर माणसं मोठी करून दाखवायची भिंगं घासली त्याच हातांनी ही घासली. आजोबांच्या नळीवर केर्शॉचीच अक्षरं आहेत. ते वाचलं तेव्हा मला एकदम बरं वाटलं आणि मग बरं का वाटलं ह्याचं थोडं वाईटही वाटलं.

ब्रिटिशांचं ह्या बाबतीत एक वैशिष्ट्य, दर युद्धात ते स्नायपरचं काम नव्याने शिकतात आणि युद्ध संपलं की विसरतात. पहिल्या महायुद्धात जर्मनांकडे शिकाऱ्यांच्या दुर्बिणीवाल्या रायफली होत्या, ह्यांच्याकडे जवळजवळ काही नाही, खंदकातून डोकं वर काढलं की गेला. मग हेस्केथ-प्रिचर्ड नावाचा एक शिकारी, क्रिकेटवाला माणूस मागे लागला, १९१६ मध्ये फ्रान्समध्ये स्नायपिंगची शाळाच काढली. जर्मन लोक पोलादी पत्र्याआडून मारायचे तर ह्याने हत्ती मारायच्या बंदुका आणल्या पत्रा फोडायला. आणि त्याची एक युक्ती मला फार दिवस आठवत राहिली. कागदाच्या लगद्याची माणसाची डोकी बनवायची, रंगवलेली, टोपी घातलेली, आणि खंदकाच्या काठावर हळूच वर करायची. समोरून गोळी आली की डोक्याला पुढून एक भोक, मागून एक. मग ते डोकं परत त्याच जागी धरून त्या दोन भोकांतून पेरिस्कोपने बघायचं, रेष सरळ मारणाऱ्याच्या जागेवर जाते. कागदाच्या डोक्यातल्या भोकातून बघायचं! ऑप्टिक्सच्या तासाला आम्हाला असलं काही शिकवलं नाही कुणी.

युद्ध संपलं, शाळा बंद, दुर्बिणी काढून टाकल्या, आणि १९४० ला परत तेच, हातात मूठभर जुन्या रायफली. त्या गडबडीतून ही नंबर फोर टी जन्मली. इटली, नॉर्मंडीची झुडपी कुंपणं, नंतर कोरिया. नियम असा की दोनशे यार्डांवर पाच इंचाच्या वर्तुळात सातच्या सात गोळ्या पडल्या पाहिजेत. पाच इंच म्हणजे किती हे मी हाताने करून बघितलं, अंगठा आणि करंगळी थोडी ताणली की झालं. माणसाचा चेहरा साधारण तेवढाच भरतो, हनुवटी सोडली तर.

इथे मला थांबावंसं वाटलं होतं. पण आजोबांनी काडतूस काढलं, निकामी केलेलं, शोकेसमधलं, आणि माझ्या तळहातावर ठेवलं.

त्याच्या बुडावर गोल फिरून अक्षरं, के आणि एफ. मी म्हटलं हे काय, ते म्हणाले किर्की. किर्की! म्हणजे खडकी. अम्युनिशन फॅक्टरी, १८६९ पासूनची. माझं माहेर पिंपरीचं, लोकलने पुण्याला जाताना खडकी स्टेशन रोज लागायचं, त्या भिंतींच्या आत काय चालतं ह्याचा कधी विचार केला नव्हता, फक्त "फोटो काढू नये" ची पाटी आठवते. आणि ते खडकीचं पितळ इथे यॉर्कशरमध्ये एका म्हाताऱ्याच्या शोकेसमध्ये. गोळीचं टोक, ते सांगत होते, आतून शिशाचं नसतं. मार्क सेव्हन गोळी, १९१० पासूनची, टोकाला अ‍ॅल्युमिनियम नाहीतर लाकडाचा लगदा भरलेला, वरून कवच सारखंच. त्यामुळे वजन मागे जातं, आणि शरीरात शिरली की ती कोलांटी घेते. त्याच्या आधी कलकत्त्याजवळ डमडमला अशा गोळ्या केल्या होत्या ज्यांचं टोक आत गेल्यावर फुलतं, त्यावर १८९९ मध्ये हेगला बंदी आली. मग ही, जी फुलत नाही, नुसती कोलांटी घेते. नियमात बसते. ह्या हुशारीचं मी काय करू, तळहातावर घेऊन? आजोबा चांगले आहेत, बायको गेल्यावर एकटे राहतात, माझ्या मुलीला वाढदिवसाला गणिताची कोडी देतात, आणि हे सगळं ते मला शिकवण्याच्या उत्साहात सांगत होते, कुठेही क्रूरपणा नव्हता, आवाजात सुद्धा नाही. मी ते परत शोकेसमध्ये ठेवलं आणि पितळाचा वास हाताला राहिला.

आता ज्या गोष्टीने मला खरं तर खुटखुट लागली ती सांगते, वर सांगायची टाळली. त्या रविवारी ओट्यापाशी मी ती नळी डोळ्याला लावली ती उजेडाकडे, म्हणजे खिडकीबाहेर. काच धूसर होती पण आंधळी नव्हती. समोरच्या घरातली बाई कचऱ्याचा डबा ओढत रस्त्यावर आणत होती. गुलाबी गाऊन, केस न विंचरलेले. ती मधेच थांबली, मोबाईल बघितला, हसली. आणि खालून ती टोकदार खुंटी वर येऊन बरोबर तिच्या गळ्याखाली टेकलेली. मी काही केलं नव्हतं, नुसती नळी होती हातात, रायफल दोन घरं सोडून भिंतीवर, तीही वेल्ड केलेली. पण मी दिवसाला वीस-पंचवीस माणसांच्या डोळ्यांत अगदी जवळून बघते, बुबुळाच्या मागची रक्तवाहिनी सुद्धा दिसते मला, आणि त्यांना माहीत असतं की मी बघतेय, ते हनुवटी टेकवून बसलेले असतात माझ्यासमोर. हिला माहीत नव्हतं. तेवढ्या फरकाने पोटात गोळा आला. साडेतीन पट हे एवढंसं मोठं करणं आहे ना, ते त्या कामाला अगदी बेताचं आहे, माणूस हसतोय हे कळण्याइतकं जवळ येतो आणि त्याला आपण कळू नये इतका लांब राहतो. मी ताक सांडल्यासारखं वगैरे बोलले आजोबांशी ते त्याच्यानंतर, घाईघाईने.

त्यामुळे "उघडायची नाही" चा राग आला होता तो अर्धा खोटा होता बहुतेक. एकदा वाटतं उघडावी, साफ करावी, इतकं सुंदर काम आहे केर्शॉचं. एकदा वाटतं अजून शंभर वर्षं बाल्सम पिवळा पडत राहू दे.

आजोबांना मी विचारलं, ही कुणाच्या हातात होती ते कळतं का? एवढे नंबर आहेत. ते म्हणाले नाही, तसं कुठे लिहीत नसत, बटालियनला रायफल गेली एवढंच कधी कधी कळतं. काहींची नावं उरलीत, ती फोटोमुळे. हॅरॉल्ड मार्शल नावाचा कॅनडाचा सार्जंट, कॅलगरी हायलँडर्सचा, १९४४ च्या ऑक्टोबरमध्ये बेल्जियममध्ये केन बेल नावाच्या लष्करी फोटोग्राफरने त्याचा फोटो काढला, तो आजोबांच्या एका जाडजूड पुस्तकात आहे. मी तो बराच वेळ बघितला. आजोबा मात्र बोटाने रायफलच दाखवत होते, ब्रॅकेट बघ, पट्टा बघ. त्यांना मार्शल दिसतच नव्हता असं नाही म्हणणार मी, पण तो रायफल धरायला उभा केलेला माणूस होता त्यांच्या लेखी.

रात्री मी मामाला फोन लावला. मामा एसआरपीत होता, दौंडला, हवालदार म्हणून रिटायर झाला. सुट्टीत आम्ही जायचो तेव्हा क्वार्टरच्या मागच्या ग्राउंडवरून तो बोल्टचा आवाज यायचा, एका वेळी पन्नास-साठ जणांचा, खट-खटाक्, आणि आजीचा कोंबडा प्रत्येक वेळी दचकायचा. मामाच्या अंगाला त्या तेलाचा वास असायचा, पुल-थ्रूची दोरी आणि चिंधी घेऊन नळी साफ करायचा तो. त्याची रायफल बंगालमधल्या इशापूरच्या कारखान्यातली, आधीचं मॉडेल, मॅगझिनच्या पुढे लाकडात आडवा स्क्रू मारलेली, ती आपल्याकडचीच पद्धत, लाकूड तडकू नये म्हणून. आजोबांना हा स्क्रू माहीत होता, नावानिशी, मला फार नवल वाटलं.

"मामा, तुझा रायफलचा नंबर आठवतो का रे?" म्हटलं. त्याने एका दमात बट नंबर सांगितला, मग खालचा लांबलचक रजिस्टर नंबर, मधे श्वास न घेता. मामीचा मोबाईल नंबर अजून त्याला पाठ नाही. मग म्हणाला का गं, आणि मी सगळं सांगितलं, दुर्बीण, हॉलंड, किंमत. किंमत ऐकून तो आधी हसला आणि मग म्हणाला त्याच्या नळीतून उजेड दिसतो का बघ, गंज असेल तर काही उपयोग नाही. मी म्हटलं नळी बंद केलीय, दांडा घालून. थोडा वेळ काहीच बोलला नाही. मग म्हणाला, "मग साफ काय करतो तो?"

खडकीच्या काडतुसाचं सांगितलं तेव्हा मात्र तो खुलला. म्हणाला पुंगळ्या, बाई, पुंगळ्यांनी जीव खाल्ला आमचा. फायरिंगला जेवढे राऊंड दिले तेवढ्या रिकाम्या पुंगळ्या मोजून जमा करायच्या, एक कमी पडली तर कंपनी घरी जात नाही. एकदा अशीच एक कमी, उन्हाळ्यातली दुपार, सगळी कंपनी रांगेत गुडघ्यावर, बोटांनी माती चाळतेय, साहेब छत्री धरून उभे. अंधार पडायला आला तरी नाही. शेवटी सापडली कुठे, तर एका पोराच्या पँटच्या दुमडीत, उडून पडलेली, आणि तो बिचारा दिवसभर सगळ्यांच्या पुढे पुढे शोधत होता. मामाला अजून त्याचं आडनाव आठवतं. त्याला नंतर सगळे पुंगळ्याच म्हणायचे, लग्नाच्या पत्रिकेवर सुद्धा कुणीतरी कंसात लिहिलं होतं म्हणे.